तेव्हा ती पुढे होती

बातमीत चूक झाली तर काय करावं, असं मला कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. जेवढ्या मोठ्यानं चुकीचं सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं ‘चुकलो’ म्हणावं. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. बातम्यांच्या धंद्यात मात्र हे बोलणारा माणूस डोक्याला ताप समजला जातो. मी ते बोलत राहिले, म्हणून माझ्या नोकरीची शेवटची वर्षं सकाळच्या भजनांच्या कार्यक्रमात गेली. त्याचं मला काही दुःख नाही. भजनं म्हणायला येणाऱ्या बायका सुरेल होत्या आणि खोटं बोलत नव्हत्या.

मी हैदराबादच्या एका तेलुगू न्यूज चॅनेलात होते. नाव सांगत नाही, कारण जे मी सांगणार आहे ते कुठल्याही चॅनेलात होऊ शकतं. आमचं घराणं मूळचं परभणीकडचं, शेतीवालं. आजोबा निजामाच्या काळात इकडे आले आणि आम्ही नारायणगुड्याचेच होऊन गेलो. घरात मराठी, दारात तेलुगू, रस्त्यावर दख्खनी. तिन्ही भाषांत भांडता येतं, आणि ह्या नोकरीत तेच जास्त कामाला आलं.

माझं काम काय होतं, ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. बातमीदार बातमी आणतो, अँकर ती वाचते. ह्या दोघांच्या मधे एक टेबल असतं. काय जाईल, कधी जाईल, कोणत्या शब्दांत जाईल, ते ह्या टेबलावर ठरतं. ते टेबल माझं. नातेवाईक लग्नात विचारायचे, ‘शैला, तू टीव्हीत आहेस म्हणे, दिसत कशी नाहीस?’ मी म्हणायचे, दिसले तर समजा काहीतरी बिघडलंय.

मतमोजणीचा दिवस म्हणजे आमचा सण. त्याची तयारी आधीपासून चालते. उमेदवाराचा फोटो आणि खाली मोठ्ठी अक्षरं, असं अख्ख्या पडद्यावर येणारं जे चित्र असतं त्याला आम्ही प्लेट म्हणतो. महत्त्वाच्या प्रत्येक उमेदवाराच्या दोन प्लेटा तयार ठेवतात. एकीवर ‘विजयी’, दुसरीवर ‘पराभूत’. लोकांनी अजून मत दिलेलं नसतं आणि इकडे माणूस हरूनसुद्धा तयार असतो, नुसतं बटण दाबायचं बाकी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आमच्याकडे बघूनच केली असावी.

लोकही काही कमी नसतात. एकदा मोजणीच्या सकाळी एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे मेहुणे उभे होते आणि सपशेल आपटणार हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणाले, ‘अक्का, जिंकवा म्हणत नाही. फक्त दहा मिनिटं आघाडी द्या. सासूबाई टीव्हीसमोर बसल्यात, वय झालंय त्यांचं.’ मी म्हटलं, ‘आघाडी मी देत नाही हो, मतदार देतात.’ त्यांचा विश्वास बसला नाही. ‘दुसऱ्या चॅनेलनं दिली,’ म्हणाले. मी बघितलं तर खरंच दिली होती. डबा मी परत केला आणि त्यांनी तो त्याच चॅनेलकडे नेला.

आता चूक लपवायची रीत सांगते, कारण ती मी आयुष्यभर बघितली. खालची पट्टी असते ना, पळणारी, तिथं दुपारच्या सुस्तीत दोन वेळा बरोबर आकडा सोडायचा आणि आधीचा आकडा कधी नव्हताच असं वागायचं. वेबसाइटवर तर आणखी सोपं, मजकूर गुपचूप बदलायचा. आणि अगदीच गळ्याशी आलं तर ‘ताजी माहिती’ म्हणायचं. चूक हा शब्द आमच्या इमारतीत निषिद्ध होता. चुकीवर पांघरूण घालण्यात आमचा हात कुणी धरला नसता.

आमचा न्यूज हेड होता पराग. पुण्याचा, आधी आयटीत, मग डिजिटल की काय म्हणतात त्यात, तिथून आमच्या डोक्यावर. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. मला शैलाताई म्हणायचा आणि माझ्या मराठीला हसायचा. मी ‘काय करायलास’ म्हटलं की त्याला गुदगुल्या व्हायच्या. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला फोन त्याचा. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: चूक कबूल केली की प्रेक्षक चॅनेल बदलतो. माझं म्हणणं, बदलू दे.

तर त्या दिवशी कुकटपल्लीच्याही पलीकडच्या एका नगरपालिकेची मोजणी होती. तिथल्या एका वॉर्डात सत्तेम्मा नावाची बाई अपक्ष उभी होती. तिची मिरच्या-हळद दळायची गिरणी होती. वॉर्डातलं नळाचं पाणी, गटारं, रेशन ह्यांसाठी ती इतकी वर्षं ऑफिसांत भांडत आली होती की शेवटी लोकांनीच तिला उभी केली. तिच्यासमोर एका मोठ्या पक्षाचा उमेदवार होता. बाकीचे नावापुरते. गिरणीवाली विरुद्ध पक्षवाला, म्हणून आमच्या चॅनेलला त्या वॉर्डाचं कौतुक.

तिथं आमचा बातमीदार होता जब्बारभाई. त्यानं किती निवडणुका बघितल्या त्याची गणती नाही. ह्या मोजणीत मशीन नसतं, कागदी मतपत्रिका असतात. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधतात आणि ज्याचा गठ्ठा त्याच्या ट्रेमध्ये टाकतात. मतपत्रिकेवर जो क्रम, त्याच क्रमानं ट्रे मांडलेले असतात, मोजणाऱ्यांच्या डाव्या हातापासून. ट्रेवर नावाच्या चिठ्ठ्या असतात, त्याही मोजणाऱ्यांकडे तोंड करून. पत्रकारांना आत थांबू देत नाहीत. फोन बाहेर ठेवून, गटागटानं नेतात, एक नजर टाकू देतात आणि बाहेर काढतात.

जब्बारभाईनं आजवर जिथं जिथं बघितलं, तिथं पत्रकारांना मोजणाऱ्यांच्या पाठीमागून नेलं होतं. त्या दिवशी मोजणी एका लग्नाच्या फंक्शन हॉलमध्ये होती आणि त्याचं दार नेमकं दुसऱ्या बाजूला. पत्रकार टेबलांपुढे लावलेल्या जाळीपाशी मोजणाऱ्यांच्या समोर उभे राहिले. त्यांचं डावं ते ह्यांचं उजवं. सत्तेम्माचं नाव यादीत पहिलं होतं आणि पक्षवाल्याचं शेवटचं. जब्बारभाईनं सवयीनं डावीकडून मोजलं. एखादा नवखा असता तर त्यानं कुणाला तरी विचारलं असतं.

त्याचा फोन आला. ‘अक्का, गिरणीवाली गई. पहला ट्रे देखा मैं, दोच गट्ठे हैं. आखिरी वाला भरके है.’

मी विचारलं, ‘अधिकाऱ्यांनी सांगितलंय का?’

‘नहीं अक्का. पहली फेरी है. आँखों से देखा सो बोल रौं.’

म्हणून मी फक्त खालच्या पट्टीत ‘पहिल्या फेरीत पिछाडीवर’ एवढंच सोडलं. अधिकारी जाहीर करेपर्यंत ‘पराभूत’ लावायचं नाही, हा माझ्या टेबलाचा नियम होता. पण पराग ग्राफिक्सवाल्यांच्या खोलीत उभा होता आणि बाकीची चॅनेलं अजून त्या वॉर्डाकडे वळली नव्हती. त्याला मोह आवरला नाही. मी मान वर करून बघते तर पडद्यावर सत्तेम्माचा हसरा फोटो आणि खाली ‘पराभूत’. सोबत तो धाडकन वाजणारा आवाज, जो मला कधीच आवडला नाही.

पंधरा-वीस मिनिटं मी इंटरकॉमवरून ती उतरवायला सांगत राहिले; शेवटी उठून त्याच्याकडे जाते आहे तेवढ्यात जब्बारभाईचा परत फोन. ह्या वेळी त्याचा आवाज बसला होता. बाहेर गेटवर पक्षवाल्याची माणसं त्याच्याशी भांडत होती, की आम्ही मागे पडलोय आणि तुम्ही आम्हाला जिंकवून आमची थट्टा करताय का. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

‘अक्का, मैं उल्टा देख लिया. जाली के इस बाजू से देखा ना मैं. भरेला ट्रे गिरनीवाली का है.’ आणि मग म्हणाला, ‘उसका भाई बाहर आ गया अक्का. रो रा. पुलिसवाले अब अंदर नक्को बोल रे.’

हे ऐकल्यावर मी चालायची ती पळायला लागले. का, ते सांगते. प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस मोजणीच्या टेबलापाशी बसतो, त्याला एजंट म्हणतात. शिक्का अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडलेली, शाई पसरलेली अशी मतं निघतात. ती धरायची की बाद करायची हे अधिकारी ठरवतात, आणि ठरवताना एजंट बघतो, हरकत घेतो, भांडतो. एजंट उठला की तुमच्या बाजूनं बघणारं कुणी उरत नाही. शिवाय एकदा बाहेर पडलेल्या एजंटाला सहसा परत आत घेत नाहीत. सत्तेम्माचा एजंट तिचा सख्खा भाऊ होता. गेटवरच्या कुणीतरी फोनवर आमची प्लेट बघितली, आत निरोप पोचवला की संपलं सगळं, आणि तो उठला. ती पुढे असताना, आमच्यामुळे उठला.

पराग मला कॉरिडॉरमध्ये भेटला. प्लेट त्यानं उतरवली होती; जब्बारभाईनं कळवलेलं सगळं मी एका दमात सांगितलं, तरी तो तेवढ्यावरच खूष होता.

‘ताई, काढली ना? झालं मग. तासाभरात निकाल येईल, लोकांना कळेलच.’

‘येईल तो तिच्या माणसाशिवाय येईल. आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे.’

‘आपण चॅनेल आहोत, तिचे कार्यकर्ते नाही.’

‘मग तिचा माणूस आपण का उठवला?’

त्यानं मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, ‘हात दाखवून अवलक्षण कशाला, ताई? कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.’

‘जिच्या लक्षात यायचं तिच्या आलंय,’ मी म्हटलं आणि आत गेले. खरं सांगायचं तर मी त्याला आणखीही काही बोलले, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

तीच प्लेट, तोच फोटो, तेवढीच अक्षरं. खाली फक्त ‘आमची चूक’ लिहायला लावलं. ग्राफिक्सवाला म्हणाला, मॅडम, असा शब्द लिहायची वेळच आली नव्हती, रंग कोणता देऊ? मी म्हटलं, जो मघाशी दिला तोच. अँकरच्या समोरच्या पडद्यावर मी स्वतः मजकूर टाकला: थोड्या वेळापूर्वी आम्ही सत्तेम्मा हरल्या असं सांगितलं, ते चूक आहे, मोजणी चालू आहे, आणि पहिल्या फेरीत त्या पुढे आहेत. अँकर सौजन्या बिचारी एक क्षण अडखळली, पण वाचलं तिनं. मी ते पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा.

सत्तेम्मानं ते गेटवर उभ्या-उभ्या फोनवर बघितलं. भावाला पोलिसांनी आत सोडलं नाही ते नाहीच. पण उमेदवाराला स्वतःला आत जायचा हक्क असतो. ती पदर खोचून आत गेली आणि टेबलापाशी जाऊन बसली. मधल्या वेळात शंकेची मतं निकालात निघाली होती. अधिकाऱ्यांनी नियमानंच काढली असतील, त्यांच्यावर मी बोट ठेवत नाही. पण तिच्या बाजूनं बघणारं तिथं कुणी नव्हतं. शेवटच्या फेरीत पक्षवाल्यानं गाठलं आणि सत्तेम्मा एका गठ्ठ्यापेक्षाही कमी मतांनी हरली.

ती मतं तिची होती की नव्हती, हे आता देवालाही सांगता येणार नाही. मला त्याचा आजही राग येतो.

आणि राग येण्यासारखं खरं पुढेच घडलं. निकाल लागल्यावर पराग हसत माझ्या टेबलाशी आला. ‘बघा ताई, उगाच परेशान झालात. शेवटी आपली बातमी खरीच ठरली.’ मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं दुरुस्तीचा भाग यूट्यूबवरून कापायला लावला होता, आणि पडद्यावर नवी प्लेट आली होती. सत्तेम्माचा तोच फोटो, ‘पराभूत’, आणि वर ठळक अक्षरांत ‘सर्वात आधी आम्ही सांगितलं’.

मी म्हटलं, ‘पराग, तेव्हा ती पुढे होती.’

‘पण हरली ना?’

‘तेव्हा ती पुढे होती.’

‘ताई, तुम्ही एकच वाक्य काय धरून बसलाय?’ असं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तेम्मा ऑफिसात आली, भावाला घेऊन. रिसेप्शनवाल्यांना वाटलं दंगा होणार, म्हणून त्यांनी मला खाली पाठवलं. दंगा वगैरे काही नाही. बाई खुर्चीत ताठ बसलेली. भाऊ मात्र मान वर करत नव्हता. ती तेलुगूत बोलली, मी मराठीत सांगते.

‘निवडणूक मला परत द्या असं म्हणत नाही मी. हरले ते हरले. पण माझ्या भावाला गल्लीत सगळे म्हणतायत की तू घाबरून पळालास, बहिणीला बुडवलंस. त्यानं कालपासून अन्नाला हात लावलेला नाही. तुमच्या टीव्हीवर लिहून येतंय की तुम्ही आधीच खरं सांगितलं होतं. मग खोटं कोण, माझा भाऊ?’

मी म्हटलं, ‘नाही. आम्ही.’

‘मग ते सांगा. मला नका सांगू, मला माहीत आहे. गल्लीला सांगा.’

संध्याकाळच्या मुख्य बातम्यांसाठी मी मजकूर लिहिला आणि सौजन्याला दाखवला. तिनं हात जोडले. ‘अक्का, काल वाचलं म्हणून मला बोलावून घेतलं होतं. मला ह्यात नका घालू. घरी नवऱ्याची नोकरी नाही.’ तिचंही बरोबर होतं. मग म्हटलं, उठ, मी बसते. सुती साडी, केसांना सकाळचं तेल, तोंडाला पावडर नाही. कॅमेरावाल्यानं माझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं, आणि कॅमेरा चालू ठेवला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

माझ्या तेलुगूला मराठी हेल आहे, तो त्या दिवशी साऱ्या शहरानं ऐकला. मी वाचलं ते असं: ‘काल आम्ही सांगितलं की सत्तेम्मा हरल्या. आम्ही सांगितलं तेव्हा त्या पुढे होत्या. आमची बातमी ऐकून त्यांचा भाऊ मोजणीच्या टेबलावरून उठला. तो पळाला नाही, आम्ही त्याला उठवलं. त्यानंतर त्या थोड्या मतांनी हरल्या. त्या नंतर हरल्या म्हणून आमची बातमी खरी होत नाही. ती चूक होती आणि आम्ही त्यांची माफी मागतो.’

कानातल्या यंत्रातून पराग सांगत होता, ‘ताई, उठा. ताई, प्लीज उठा.’ मी ते कानातून काढून टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून परत वाचलं.

पुढच्या आठवड्यात मला भजनांकडे पाठवलं. पण त्याहून वाईट म्हणजे जब्बारभाईला काढलं. मी मुद्दाम ‘आमची चूक’ म्हटलं होतं, त्याचं नाव कुठं घेतलं नव्हतं. तरी कुणाला तरी बळी द्यायचाच होता. मी पराग आणि त्याच्या वरचे, सगळ्यांशी भांडले, काही उपयोग झाला नाही. ज्यानं स्वतः फोन करून चूक सांगितली तो घरी गेला, आणि ज्यानं प्लेट लावली त्याला बढती मिळाली. ह्या गोष्टीची टोचणी अजून आहे. जब्बारभाई आता नामपल्ली स्टेशनसमोर भाच्याच्या लॉजच्या काउंटरवर बसतो. मी गेले की चहा मागवतो. ‘जाने दो अक्का,’ म्हणतो. ‘बोल दिया सो अच्छा हुआ. नींद आती मेरेकू.’

मी निवृत्त झाले. परवा पुन्हा नगरपालिकेच्या निवडणुका आल्या आणि सत्तेम्मा पुन्हा उभी राहिली. मी तिखट आणायला तिच्या गिरणीवर जाते, तिथं तिनंच विषय काढला. ‘टेबलाला बसायला माणूस पाहिजे. भाऊ बसायचं नाही म्हणतो. तुम्ही बसता का? तुम्हाला कुणी काही सांगितलं म्हणून तुम्ही उठायच्या नाही.’

पत्रकारानं कुणाच्या बाजूनं बसू नये, असं माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी मला ऐकवलं. मी म्हटलं, नोकरीत होते तेव्हा बसले नाही, आता माझी मर्जी. मोजणीच्या सकाळी फोन बाहेर ठेवून आत गेले. प्रत्येक शंकेचं मत वाकून बघितलं, दोन-तीनदा हरकत घेतली, एकदा ओरडा खाल्ला. निकाल अधिकाऱ्यांनी मोठ्यानं जाहीर केला तेव्हाच खुर्ची सोडली. सत्तेम्मा जिंकली. भाऊ गेटवर उभा होता. त्यानं माझे पाय धरले आणि मलाच रडू आलं.

फोन हातात आल्यावर कळलं की आमच्या जुन्या चॅनेलनं तिला दुपारीच ‘विजयी’ करून टाकलं होतं. तेव्हा आत निम्मी मतंही मोजून झाली नव्हती, आणि ती मागे होती. मी समोर बसून बघत होते. आता सगळीकडे गुलाल उडत होता, पडद्यावर ‘सर्वात आधी आम्ही सांगितलं’ झळकत होतं, आणि तक्रार करायला कुणीच नव्हतं.

मी तिथल्याच पायरीवर बसून परागला फोन लावला.

‘ताई, अभिनंदन,’ तो म्हणाला. ‘तुमची बाई जिंकली.’

‘जिंकली. पण तुम्ही सांगितलं तेव्हा ती मागे होती. दुरुस्ती लावा.’

‘अहो ताई, पण आता तर ती...’ तो हसला आणि त्यानं फोन ठेवला.

मी पुन्हा लावला.